वळवाच्या आधी, घटाच्या आधी

आमच्या कबनुरात वर्षातून दोनदा घरामागचं परडं उलटंपालटं होतं. एकदा वळवाच्या आधी, एकदा घट बसायच्या आधी. खराटा रोजच फिरतो, पण या दोन वेळांना लाकडाचा ढीग हलवायचा, पत्र्यावर माणूस चढवायचा, टाकीत उतरायचं आणि कारखान्यामागच्या बोळात वर्षभर कुणी डोकावलेलं नसतं तिथं डोकवायचं.

कारखाना म्हणजे यंत्रमागाचा शेड. शेजारच्या इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढं तो खडखडाट आसपासच्या गावांत पसरत गेला. आमचंही तसंच आहे: रस्त्याला लागून माग, त्यामागं घर, त्यामागं परडं. परड्यात नारळ, शेवगा, कडीपत्ता आणि जास्वंद. घर कुठं संपलं आणि धंदा कुठं सुरू झाला हे आम्हालाही सांगता यायचं नाही, त्यामुळं साफसफाई दोन्हींची एकदमच निघते.

परदेशात पानं झडली की अंगण साफ करतात. माझा भाचा अमेरिकेत असतो. तिथं ऑक्टोबरात पानांचे ढीग कागदी पिशव्यांत भरून रस्त्याकडेला ठेवतात म्हणे. आपल्याकडं पानगळ माघ-फाल्गुनात होते आणि तिची घाई कुणालाच नसते. आपल्या दोन्ही साफसफाया पाण्यासाठी आहेत. पहिल्या फेरीत येणाऱ्या पाण्याला वाट करून द्यायची आणि पावसाळा सरताना ते कुठं कुठं थांबलंय ते शोधायचं. हे एकदा ध्यानात घेतलं की कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

आमचा भाग पावसाचा नाही. याच जिल्ह्यात गगनबावड्याला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस होतो, आमच्या हातकणंगल्याकडं त्याच्या कितीतरी कमी. पण वळीव येतो तो दणक्यात येतो. एप्रिल-मेच्या दुपारी ढग जमतात, आधी वारा सुटतो आणि मग गारा. पत्रा उडायचा तर याच वाऱ्यात उडतो. त्यामुळं मृग सात जूनला निघतो म्हणून जूनपर्यंत थांबणारा फसतो. आमच्याकडं गुढीपाडवा झाला की कामाला हात लागतो.

सुरुवात वरून करायची. खालचं अंगण आधी झाडलं की पत्र्यावरचा पाला पुन्हा तिथंच पडतो. शेडवर सिमेंटचे पत्रे आहेत. जुना पत्रा वरून धडधाकट दिसतो आणि पायाखाली बिस्किटासारखा तुटतो. वर चढणाऱ्यानं पाय ठेवायचा तो हुकाच्या ओळीवर, कारण तिथं खाली लोखंडी अँगल असतो. त्याहून बरं म्हणजे फळी टाकून फळीवरूनच चालायचं. सैल हुक आवळायचे, गंजलेले वायसर बदलायचे आणि पन्हळीतला पाला हातानं काढायचा. पन्हळीत कारखान्यातला कापूस आणि झाडाचा पाला एकत्र बसतो आणि त्याचा असा बोळा होतो की पाण्याचा थेंब पुढं सरकत नाही. मग पाणी भिंतीतून उतरतं आणि बीमवरचं सूत भिजवतं.

पाठोपाठ झाडं. शेवग्याच्या शेंगा संपल्या की तो याच दिवसांत छाटतात. त्याचं लाकूड ठिसूळ, वाऱ्यात आधी तोच मोडतो. नारळाच्या वाळक्या झावळ्या काढायला दरवर्षी ठरलेले मामा येतात. खाली उभी राहून मी हे काढा, ते काढा सांगत असते.

"वहिनी, झाड साफ करायलाय का भादरायलाय?" मामा वरून विचारतात.

त्यांचं बरोबर आहे. हिरव्या झावळ्यांवरच नारळ पोसतो. काढायच्या त्या वाळून लोंबणाऱ्या. उतरलेल्या झावळ्यांची पाती सासूबाई ओसरीवर बसून विळीवर सोलतात. पात्याच्या मधला हीर वेगळा होतो, शंभरभर हीर जमले की बुडाशी काथ्यानं आवळून खराटा तयार. फांदी विजेच्या तारेजवळ असेल तर मात्र स्वतः कोयता घ्यायचा नाही. महावितरणची माणसं पावसाळ्याआधी फांद्या तोडायला फिरतात, त्यांना सांगायचं आणि ती वीज बंद करून तोडतात.

लाकडं, विटा, मोडक्या पेट्या यांचा ढीग पहिल्या पावसाआधीच हलवायचा. पाऊस पडला की बिळात पाणी जातं आणि साप, विंचू कोरडी जागा शोधत अशा ढिगात येतात. धामण बिनविषारी आहे, ती उंदीर खाते. नाग, मण्यार, घोणस यांची गोष्ट वेगळी. ढिगात थेट हात घालायचा नाही, आधी काठीनं हलवायचं, पायात बूट हवेत. चावलंच तर आवळून बांधणं, चिरा देणं यात वेळ न घालवता सरळ सरकारी दवाखाना गाठायचा.

आता टाक्या. आमच्याकडं नळाला रोज पाणी नसतं, त्यामुळं घरोघरी हौद, बॅरल, घागरी. डेंग्यूचा डास गटारात नाही, अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात होतो. १६ मे हा राष्ट्रीय डेंग्यू दिन पावसाळ्याच्या तोंडावर ठेवलाय तो उगीच नाही. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून भांडी आठवड्यातून एकदा कोरडी करायची. पण नुसतं पाणी ओतून भागत नाही. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या वर, भांड्याच्या आतल्या भिंतीला, आणि ती अंडी कोरडी पडूनही महिनोन् महिने जगतात. पुन्हा पाणी लागलं की फुटतात. तेव्हा बॅरल आतून काथ्यानं घासायलाच हवं. जो हौद रिकामा करता येत नाही त्यात गप्पी मासे सोडायचे. कारखान्याच्या मागं पडलेला टायर आणि फुटका डबा हेही हौदच समजायचे.

दुसरी फेरी म्हाळात. घट बसायच्या आधी घरातली झाडून सगळी वाकळ, चादर, पडदा धुऊन निघाला पाहिजे, असा बायकांचा दंडक. पण हस्ताचा पाऊस त्याच दिवसांत येतो, म्हणून आधी परडं कोरडं करावं लागतं. पावसाळ्यात जिथं पाणी साचलं त्या जागा आता शेवाळावरून ओळखू येतात. तिथं ब्लीचिंग पावडर टाकून घासायचं आणि खळग्यात मुरूम भरायचा. घासून सोडलं तर पुढच्या वर्षी पाणी तिथंच थांबतं.

गवतात सगळ्यात चिवट काँग्रेस गवत, म्हणजेच गाजरगवत. आपल्या देशात त्याची दखल १९५५च्या सुमारास पुण्यात घेतली गेली आणि मग ते सगळीकडं झालं. एका झाडाला हजारोंनी बिया येतात, अंगाला लागलं तर खाज सुटते. घटापर्यंत थांबलं की ते फुलून बी टाकून मोकळं होतं. म्हणून हे एक काम श्रावणातच उरकायचं: जमीन ओली असताना, हातमोजे घालून, मुळासकट.

कारखान्याची खरी साफसफाई खंडेनवमीच्या आधी होते. त्या दिवशी धोट्यासकट मागाची पूजा असते. मागाच्या खाली, पंख्यावर, वायरींवर आणि स्विचबोर्डात बारीक कापूस बसलेला असतो. तो हवा मारून उडवला की श्वासात जातो आणि पुन्हा बसतो; नाकाला कापड बांधून, मेन स्विच बंद करून, मऊ झाडूनं ओढून घ्यायचा. बोर्डातल्या कापसाला एक ठिणगी पुरते. तेलानं माखलेले बोळे वेगळ्या डब्यात ठेवायचे, पाल्यात मिसळायचे नाहीत.

मग हा सगळा पाला जातो कुठं? पूर्वी संध्याकाळी कोपऱ्यात काडी लावली जायची. आता उघड्यावर कचरा जाळणं गुन्हा आहे. राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६मध्ये त्यासाठी ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला २५,००० रुपये दंड ठरवला. शिवाय जाळायचं कशाला? कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर हे गणिताचे प्राध्यापक, 'प्रयोग परिवार'वाले. घरचा पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा यांवर गच्चीतसुद्धा भाजीपाला होतो हे त्यांनी माणसांना करायला लावून दाखवलं. आम्ही माघातला वाळका पाला पोत्यांत भरून ठेवतो. परड्यात खड्डा आहे. त्यात पाल्याचा थर, त्यावर ओला कचरा, वर शेणकाला. मूठ दाबली तर एखाद-दुसरा थेंब निघावा इतपत ओल ठेवायची, अधूनमधून वरखाली करायचं. तीन-चार महिन्यांत काळं, मातीचा वास येणारं खत हाताला लागतं. घाण वास आला तर पाला कमी पडला असं समजून आणखी टाकायचा.

एवढं करून शेवटी सगळं अडतं ते गटारीत. आपापलं अंगण जो तो चकचकीत करतो आणि शेवटचा खराटा गटारीकडं मारतो. गटार काढली तरी गाळ कडेलाच पडून राहतो आणि पहिला वळीव तो परत आत ढकलतो. गाळ दोन दिवस निथळला की उचललाच पाहिजे, आणि तो एकट्या घराला उचलत नाही. आमच्या बोळातले कारखानदार यंदा वर्गणी काढून ट्रॉली सांगणार आहेत. गणपतीच्या वर्गणीला इथं कुणी कां कू करत नाही. ट्रॉलीच्या वर्गणीला मात्र "आमच्या दारात पाणी तुंबतच नाही" असं सांगणारे दोघं-तिघं निघालेच. त्या सगळ्यांची घरं चढाला आहेत. तुंबतं ते उताराला, आणि येतं ते त्यांच्याच दारातून.