खाते नाही, तर नोंद नाही!

मावळ तालुक्यातील शिरगावचा एखादा सातबारा उतारा मिळाला तर नीट पाहा. त्यात गटाचा क्रमांक, क्षेत्र आणि धारकाचे नाव असते; जोडीला खाते क्रमांक असतो. हाच क्रमांक गाव नमुना ८-अ मध्येही सापडतो. तेथे त्या खात्यावरील गावातल्या सर्व जमिनी एकत्र दिसतात. म्हणजे एका कागदावरचा आकडा दुसऱ्या कागदाकडे बोट दाखवतो.

आता समजा, आपण संगणकात ‘खाती’ आणि ‘गट’ असे दोन तक्ते केले. सोयीसाठी एका गटाचे एकच खाते धरू. ‘गट’ तक्त्यातील खाते क्रमांकाला म्हणतात ‘फॉरेन की’, म्हणजे दुसऱ्या तक्त्याची किल्ली. आयबीएम कंपनीतील एडगर कॉड यांनी १९७० साली तक्त्यांच्या या पद्धतीवर लेख लिहिला, त्यातच हा शब्द आला. नियम साधा आहे: जो क्रमांक ‘खाती’ या पालक तक्त्यात नाही, तो ‘गट’ या पाल्य तक्त्यात लिहायचा नाही.

हा नियम दोन प्रकारे मोडू शकतो. अस्तित्वात नसलेले खाते ४२१ एखाद्या गटापुढे लिहिले, किंवा ज्यावर अजून गट आहेत ते खाते २१४ पुसले. दोन्हींत जमीन राहते, पण तिचा धनी नाहीसा होतो! म्हणून संगणक ती आज्ञाच नाकारतो, तक्ते होते तसे ठेवतो आणि तक्रार कळवतो.

तक्रारीची तऱ्हा मात्र निरनिराळी. ‘मायएसक्यूएल’ पहिल्या चुकीला १४५२ आणि दुसरीला १४५१ असा क्रमांक देते. ‘पोस्टग्रेस’ दोन्हींना २३५०३ हाच संकेत देते, पण खाली कोणता क्रमांक कोणत्या तक्त्यात अडला तेही सांगते. मोबाइलमध्ये सर्रास वापरली जाणारी ‘एसक्यूलाइट’ फक्त ‘नियम मोडला’ एवढेच म्हणते. असे का? ती एक मोजणी ठेवते. आज्ञा चालू असताना दुवा तुटला की एक मिळवते, जुळला की एक वजा करते. शेवटी शून्य उरले नाही तर नकार! मोजणीवरून दुवे किती तुटले ते कळते, कोठे तुटले ते नाही. शिवाय तिचा हा पहारा एरवी बंदच असतो. आपण मुद्दाम सुरू करावा लागतो.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. १४२ ऐवजी १२४ लिहिले आणि दोन्ही खाती खरोखर असली, तर कोणताच संगणक तक्रार करणार नाही. फॉरेन की खाते आहे की नाही एवढेच पाहते. ते योग्य माणसाचे आहे का, हे तिला ठाऊक नसते. म्हणूनच जमिनीच्या फेरफाराची नोटीस निघते आणि मंडळ अधिकारी तो तपासून प्रमाणित करतो.

करून पाहा: शाळेच्या जनरल रजिस्टरचा क्रमांक आणखी कोणकोणत्या कागदांवर येतो, याची यादी करा. त्यांतला पालक तक्ता कोणता आणि पाल्य कोणते?