कोष्टकातील स्तंभांची निवड

जनगणनेची माहिती कोष्टकाच्या रूपाने मांडलेली असते. आडव्या ओळीत एका गावाची अथवा एका वर्षाची नोंद आणि उभ्या स्तंभात एकेका बाबीचे आकडे, अशी ही रचना होय. अभ्यासकाला सगळेच स्तंभ क्वचित हवे असतात. हवे तेवढे स्तंभ वेगळे काढणे ही विश्लेषणाची पहिली पायरी आहे. ती चुकली, तर पुढचे सारे गणित बिनचूक असूनही उत्तर खोटे ठरते.

‘आर’ ही सांख्यिकीची संगणकभाषा रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात निर्माण केली. तीत कोष्टकाच्या नावापुढे चौकोनी कंस घालतात. कंसात स्वल्पविरामाच्या आधी ओळी आणि नंतर स्तंभ सांगावयाचे असतात. स्तंभ क्रमांकाने सांगता येतो, तसाच नावानेही.

उदाहरणादाखल चंडीगढचे एक कोष्टक घेऊ. त्यात वर्ष, एकूण लोकसंख्या, पुरुष आणि स्त्रिया असे चार स्तंभ या क्रमाने आहेत. २०११ च्या जनगणनेत या केंद्रशासित प्रदेशाची लोकसंख्या १०,५५,४५० होती. पैकी पुरुष ५,८०,६६३ आणि स्त्रिया ४,७४,७८७. चौथ्या स्तंभाला तिसऱ्याने भागून हजाराने गुणले, की दर हजार पुरुषांमागे ८१८ स्त्रिया हे उत्तर मिळते. २००१ मध्ये हाच आकडा ७७७ होता.

आता समजा, वर्षानंतर क्षेत्रफळाचा नवा स्तंभ घातला गेला. तिसऱ्या जागी एकूण लोकसंख्या आली आणि चौथ्या जागी पुरुष. जुनीच आज्ञा आता २०११ साठी ५५० हे उत्तर देईल. वास्तविक ती दर हजार लोकांतील पुरुषांची संख्या आहे. मागितलेले दोन्ही स्तंभ मिळाल्यामुळे संगणक कसलीही तक्रार करणार नाही; अहवालात मात्र स्त्रियांचे प्रमाण एकाएकी घसरल्याचे छापले जाईल.

नावाने केलेली निवड अशी फसत नाही. स्तंभ कोठेही सरकला तरी सापडतो. आणि त्या नावाचा स्तंभच नसेल, तर कंसातील आज्ञा तेथेच थांबून तसे कळवते.

क्रमांक आणि ओळख यांतील हा भेद चंडीगढच्या रस्त्यांवरही दिसतो. शहराच्या मूळ आराखड्यात १३ क्रमांकाचा सेक्टर नव्हता. २०२० मध्ये तो क्रमांक मणिमाजऱ्याला देण्यात आला. तोवर १ पासून मोजत चौदाव्या सेक्टरात जाणारा मनुष्य १५ क्रमांकाच्या सेक्टरात पोहोचला असता. पंजाब विद्यापीठ मात्र सेक्टर १४ मध्ये आहे.

व्यवहारात हवी ती नावे अवतरणचिन्हांत लिहून ‘सी’ या आज्ञेने एकत्र करतात व स्वल्पविरामानंतर ठेवतात. नको असलेला स्तंभ त्याच्या क्रमांकाआधी उणे चिन्ह लावून वगळता येतो. परंतु तेथेही स्तंभ सरकण्याचा धोका तोच आहे.