औंध ते औली: मुक्कामाचा हिशोब

या एपिसोडमध्ये आकडे जरा जास्त आहेत, आणि ऐकलेले आकडे लक्षात राहत नाहीत. म्हणून हा भाग सवडीने वाचा. फोनचं कॅल्क्युलेटर जवळ असलं की पुरे.

विषय आहे स्कीइंगच्या ट्रिपमध्ये राहण्याचा खर्च. सगळी ट्रिप नाही, फक्त मुक्काम. रेल्वेची, विमानाची तिकिटं स्क्रीनवर दिसतात, ती आपण बरोबर धरतो. मुक्कामाचा अंदाज मात्र हमखास चुकतो. माझा चांगलाच चुकला, आणि मी दिवसभर कोडमधल्या चुका शोधायचा पगार घेतो.

आम्ही औंधचे. पुण्यातलं औंध नव्हे, खटाव तालुक्यातलं, यमाईच्या डोंगराखालचं. एका फेब्रुवारीत घरातले सहा जण उत्तराखंडमधल्या औलीला गेलो: आई, पप्पा, मी, बायको, ताई आणि तिचा नऊ वर्षांचा मुलगा. स्कीइंग करणार आम्ही चौघं, आई-पप्पा बर्फ बघायला. पैसे दोन ठिकाणचे होते, माझी बचत आणि पप्पांनी आल्याच्या पट्टीतून बाजूला ठेवलेले. त्यामुळे प्रत्येक रकमेवर घरात प्रश्न यायचा. औलीतल्या खोलीचा एका रात्रीचा दर ऐकून पप्पा म्हणाले, "आरं, नुसतं झोपायला एवढं पैसं? यमाईच्या यात्रंला माणसं मंडपात झोपत्यात की!"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. आपल्या घरच्या बऱ्याच सहली देवाच्या असतात. भक्तनिवास, धर्मशाळा, नाहीतर पाहुण्यांचं घर. खोली म्हणजे रात्री पाठ टेकायची जागा, दिवस बाहेरच जातो. बर्फाच्या गावात तसं नसतं. ओले मोजे वाळवायचे खोलीत, गरम पाणी खोलीत, आणि हवा बिघडली की अख्खा दिवसही खोलीतच. त्यामुळे भाव नुसता रात्रीचा बघून चालत नाही.

माझा पहिला अंदाज सांगतो. जोशीमठला खोली २,५०० रुपयांना मिळत होती. दोन खोल्या, चार रात्री, झाले २०,००० रुपये. एका ओळीत बजेट संपलं. (पुढचे सगळे आकडे आमच्या शीटमधले, गोल केलेले आहेत आणि कर आत्ताच्या दराने लावलाय. तुमच्या तारखांना दर वेगळे असतील. पद्धत बघा.)

पहिली चूक रात्री मोजण्यात होती. ऋषिकेशहून जोशीमठ साधारण २५० किलोमीटर, पण डोंगरातला रस्ता आहे, नऊ-दहा तास सहज जातात. हिवाळ्यात दिवस लहान, अंधार पडल्यावर घाटात गाडी चालवायची नाही. सोबत आई-वडील आणि पोर असेल तर वाटेत मुक्काम लागतोच. आमचा असा ठरला: एक रात्र हरिद्वार, एक पिपळकोटी, चार रात्री वर, येताना एक रात्र रुद्रप्रयाग. म्हणजे सात रात्री. आणि बर्फावरचे पूर्ण दिवस किती? तीन. सात रात्रींचे पैसे भरून तीन दिवस मिळतात, हे आधी समोर लिहून ठेवा. वाटेतल्या तीन रात्रींचे, प्रत्येकी दोन खोल्या आणि जादा गादी धरून, कर मिळून १३,८६० रुपये झाले. हे माझ्या पहिल्या अंदाजात नव्हतेच.

आता मोठा प्रश्न, राहायचं कुठे? वर औलीत की खाली जोशीमठात? जोशीमठ साधारण १,९०० मीटरवर आहे, औलीचे उतार २,५०० ते ३,००० मीटरच्या दरम्यान. पूर्वी दोन्हींमध्ये सुमारे चार किलोमीटरचा रोपवे चालायचा, त्यामुळे खाली राहून वर जाणं सोपं होतं. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचली, घरांना तडे गेले आणि रोपवे बंद झाला. इंटरनेटवरचे जुने व्हिडिओ अजूनही "खाली राहा, रोपवेने जा" असंच सांगतात. जायच्या आधी फोन करून सध्याची स्थिती विचारा. रोपवे नसेल तर सुमारे १५ किलोमीटरचा रस्ता उरतो, आणि त्यावर बर्फ असेल तर शेवटच्या टप्प्यात फोर बाय फोर नाहीतर चाकांना साखळ्या लागतात. अजून एक, २०२४ पासून जोशीमठचं अधिकृत नाव ज्योतिर्मठ झालंय. बुकिंग ॲपवर दोन्ही नावांनी शोधा.

हिशोबासाठी मी एकक बदललं. रात्रीचा दर सोडला आणि "बर्फाचा तास" धरला. कारण स्कीचं सामान आणि शिकवणारा, दोघांचे पैसे दिवसाचे असतात. तुम्ही नऊला पोचा की अकराला, पैसे तेवढेच. वर राहिलं तर दिवसाला सहा तास मिळतील, खालून रोज गेलं तर गाडीची वाट, रस्त्यावरची रांग धरून चार. तीन दिवसांचे वर १८ तास, खाली १२.

औलीत खोली ६,००० आणि एक्स्ट्रा बेडचे १,५००, म्हणजे तिघांची खोली ७,५०० रुपयांना. दोन खोल्या, चार रात्री, ५ टक्के कर, जाता-येता वरपर्यंतची गाडी ३,०००: एकूण ६६,०००. जोशीमठात तिघांची खोली ३,२०० रुपयांना. तसाच हिशोब, पण गाडी तीनही दिवस लागणार, तिचे ९,०००: एकूण ३५,८८०. फरक तीस हजारांचा. यात चौघांच्या सामानाचे आणि प्रशिक्षकाचे तीन दिवसांचे ३०,००० दोन्हीकडे मिळवा आणि तासांनी भागा. वरचा तास पडतो ५,३३३ रुपयांना, खालचा ५,४९० रुपयांना.

बघा, "स्वस्त" मुक्काम तासाच्या हिशोबात किंचित महागच निघाला!

मग मी हुशारी केली. दोन रात्री खाली, दोन रात्री वर. सुवर्णमध्य! शीटमध्ये टाकलं तर तास ५,७८१ रुपयांना, दोन्हींपेक्षा महाग. सामान हलवण्यात अर्धा दिवस जातो आणि गाडीही जादा लागते. हे मला आधी सुचलं नव्हतं, शीटने दाखवलं.

इथे कराचं एक वळण आहे, ते नीट बघा. सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, त्याच्या वर गेलात की १८ टक्के. आणि तो वरच्या रकमेवर नाही, पूर्ण रकमेवर. म्हणजे ७,५०० ची खोली कर धरून ७,८७५ ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. दरात शंभराचा फरक, खिशात १,०९३ चा. दोन खोल्या, चार रात्री धरल्या तर ८,७४४ रुपये. म्हणून हॉटेलला फोन करताना विचारा, की एक्स्ट्रा बेड धरून कर किती टक्क्यांनी लागणार. ॲपवर दिसणारा मोठ्या अक्षरातला दर बऱ्याचदा कराशिवायचा असतो. जीएसटीत नोंदणी नसलेल्या लहान होमस्टेला थेट बुकिंग केलं तर हा कर लागतच नाही, तेही लक्षात ठेवा.

शीट घेऊन पप्पांसमोर बसलो. तासाचा भाव ऐकून घेतला त्यांनी. मग म्हणाले, "तुमचं तास मोजलंस. आमचं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आई-पप्पा स्की लावणार नाहीत. त्यांचे बर्फाचे तास म्हणजे पहिल्या दिवशीचे दोन, फार तर तीन. उरलेले दिवस औलीत त्यांनी काय करायचं? खिडकीतून नंदादेवी दिसते हे खरं, पण किती वेळ बघणार? जोशीमठात बाजार आहे, औषधांचं दुकान आहे (पप्पांना बीपीची गोळी), आणि नृसिंहाचं देऊळ आहे. बद्रीनाथचं मंदिर हिवाळ्यात बंद असतं, त्या काळात तिथल्या पूजेचा मान या देवळाला असतो. आईने हे ऐकलं आणि विषय संपला. खाली राहायचं ठरलं. तासाला दीडशे रुपये जादा, पण खिशातून तीस हजार कमी, आणि दोन माणसांचे तीन दिवस बरे गेले. पप्पांनी तर रोज सकाळी गच्चीवर कडाक्याच्या थंडीत बारा सूर्यनमस्कार घातले. ज्या राजाने सूर्यनमस्कार जगभर पोचवला त्या पंतप्रतिनिधींच्या गावचा माणूस, अडवणार कोण? तिसऱ्या दिवशी जिना उतरताना आमचे गुडघे कुरकुरत होते, त्यांचे नाही.

जोशीमठात राहायचं तर इमारतीबद्दल स्पष्ट विचारा. २०२३ मध्ये आठशेहून जास्त इमारतींना तडे गेले होते, झुकलेली दोन हॉटेलं पाडावी लागली. आम्ही बुक करायच्या आधी फोनवर विचारलं, भिंतींचे ताजे फोटो मागवले. संकोच करू नका, तिथल्या लोकांना हा प्रश्न नवा नाही.

आता जे मला कुणी सांगितलं नव्हतं ते. हीटर. आमच्या मुक्कामाच्या जागी हीटरचे पैसे वेगळे होते, एका रात्रीला एका हीटरचे ४००, आणि ते कळलं बिल हातात आल्यावर. दोन खोल्या, पाच रात्री, ४,००० रुपये. भांडून उपयोग नव्हता, मी विचारलंच नव्हतं. बुकिंगच्या फोनवर तीन गोष्टी विचारा: हीटर दरात आहे का, गरम पाणी नळाला येतं की बादलीने (थंडीत पाइप गोठतात), आणि वीज गेली तर जनरेटर किती वेळ चालतो.

पाच रात्री कशा झाल्या? निघायच्या आदल्या रात्री बर्फ पडला. सकाळी गाडीवाल्याचा फोन आला, "भैयाजी, आज नहीं." हा खर्च मात्र शीटमध्ये होता. "अडकलो तर" नावाचा एक रकाना, एका रात्रीचे दोन खोल्यांचे ६,७२० रुपये, आणि परतीची रेल्वे मुद्दाम एक दिवस पुढची. तो पैसा दुसऱ्या कशालाही वापरायचा नाही असं ठरलं होतं. ताईने तिसऱ्या दिवशी त्यातून शाल घ्यायचा प्रस्ताव मांडला होता, तो फेटाळला गेला. नसतो अडकलो तर तीच रात्र हरिद्वारला काढली असती, तीही कमी पैशात.

उलटंही होतं, बर्फ पडतच नाही. औलीत २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी कृत्रिम बर्फाची यंत्रं बसवली होती, तरी २०२३ मध्ये बर्फाअभावी स्पर्धा रद्द झाल्या आणि २०२५ मध्ये पुढे ढकलाव्या लागल्या. म्हणून "नॉन रिफंडेबल" दर कितीही गोड दिसला तरी घेऊ नका. थोडा जास्त दर देऊन शेवटच्या दिवसांपर्यंत रद्द करता येणारी खोली घ्या. तो फरक म्हणजे विम्याचा हप्ता समजा. तारखाही बघा. नाताळ ते नवीन वर्ष आणि २६ जानेवारीचा जोडून आलेला वीकेंड टाळा. फेब्रुवारीतले सोमवार ते गुरुवार बरे.

घरात सगळेच तरुण असतील तर हा हिशोब साफ बदलतो. गढवाल मंडल विकास निगम औलीत सात आणि चौदा दिवसांचे स्की कोर्स घेतं. राहणं, जेवण, सामान, प्रशिक्षण सगळं एका फीमध्ये, राहायला डॉर्मिटरी. मित्रांसोबत जाणार असाल तर आधी हाच पर्याय बघा. फी दर मोसमाला त्यांच्याकडूनच विचारून घ्या.

गुलमर्गला जाणाऱ्यांनाही वर-खालीचा प्रश्न सुटत नाही. खाली तंगमर्ग, वर गुलमर्ग, मध्ये तेरा किलोमीटरचा घाट. मनाली आणि सोलंगचंही तसंच. माझा एक मित्र म्युनिकला असतो. तो म्हणतो, आल्प्समध्ये उताराला चिकटलेलं हॉटेल आणि खालच्या गावातलं घर यांतला फरक आणखी मोठा, त्यामुळे तिथली मराठी कुटुंबं स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घेतात आणि डब्यात पोळी-भाजी घेऊन लिफ्टमध्ये बसतात. तिथे बरीच बुकिंग शनिवार ते शनिवार मिळतात, त्यामुळे रात्री मोजायची कटकट नाही, पण तीनच रात्री हव्या असतील तर पंचाईत.

आमचा शेवटचा आकडा: जोशीमठ आणि गाडी ३५,८८०, वाटेतल्या रात्री १३,८६०, अडकलेली रात्र ६,७२०, हीटर ४,०००. एकूण ६०,४६०. पहिल्या अंदाजाच्या तिप्पट. घरी आल्यावर पप्पांनी वहीत लिहून घेतला आणि विचारलं, "पुढच्या साली हीटर आपलाच न्हेला तर?"