जुन्या जर्मन नमुन्यांवरून नवे भरतकाम : हिशेब समजून घ्या

भरतकामाच्या धंद्यात नव्या डिझाईनची चणचण कायम असते. अशा वेळी जुन्या कामाकडे वळणे फायद्याचे ठरते. जर्मनीतील दोन-तीनशे वर्षांपूर्वीची ‘मुस्टरटुख’, म्हणजे नमुन्याची कापडे, हा असाच एक खजिना आहे. इंग्रजीत त्यांना सॅम्प्लर म्हणतात. त्यांच्यावरून आज क्रॉस स्टिचची नवी डिझाईन्स निघतात. परंतु हे काम म्हणजे फोटोची नक्कल नव्हे.

नमुन्याचे कापड म्हणजे काय?

मुली लिननच्या तुकड्यावर अक्षरे, अंक, मुकुट, पक्षी, कुंडीतील फुले, आदम-हव्वा व मधले झाड असे नमुने भरीत. बहुधा स्वतःची आद्याक्षरे व सालही घालीत. हेच कापड पुढे घरच्या चादरी-टॉवेलांवर खूण घालताना वही म्हणून उपयोगी पडे. हॅम्बुर्गजवळील फिअरलांडे भागात हे काम काळ्या रेशमाने होई. छापील पुस्तकेही होती. न्युरेम्बर्गच्या योहान सिबमाखर यांचे चौकटींवर आखलेल्या नमुन्यांचे पुस्तक १५९७ साली निघाले.

आपले जरदोजी कारागीर खाका टोचून कापडावर उतरवतात. येथे खाका नाही. कापडाचे धागे मोजून फुलीचा टाका घालायचा असतो. म्हणून ग्राफ पेपरवर एक चौकट म्हणजे एक टाका.

ताणा-बाण्याचा फरक

खरी अडचण येथे आहे. जुन्या हातमागाच्या लिननमध्ये ताणा व बाणा सारखे नसत. समजा, एका इंचात ताण्याचे ४० व बाण्याचे ३६ धागे आहेत आणि टाका दोन धाग्यांवर आहे. मग इंचात आडवे २० व उभे १८ टाके बसतात. ६० बाय ६० टाक्यांचे फूल तेथे ३ इंच रुंद व सुमारे ३.३ इंच उंच दिसेल. तेच फूल आजच्या १४ काउंटच्या आयडा कापडावर दोन्ही बाजूंनी सुमारे ४.३ इंच होईल. ते मूळ फुलापेक्षा मोठे दिसेल आणि बसकेही. म्हणून फोटोवर सरळ चौकटी आखू नयेत, टाके मोजावेत. उंची राखायची असेल तर ओळी विचारपूर्वक वाढवाव्यात.

रंग आणि गळालेले टाके

जुन्या कापडावर निळी पाने दिसली तर ती मुळात निळी होती असे समजू नका. हिरवा रंग बहुधा निळ्यावर पिवळा चढवून करीत. पिवळा उडाला की निळा उरतो. कापडाची उलटी बाजू पाहावी, तेथे रंग अधिक टिकतो. लोहाच्या रंगाने काळे केलेले रेशीम काळाने कुजून गळते. तेथे सुईची छिद्रे उरतात, त्यांवरून टाके मोजता येतात. कॉम्प्युटर हे ओळखत नाही. तो डागालाही रंग समजतो आणि पंचवीस छटांची यादी देतो. अनुभवी माणूस सात-आठ छटांत काम भागवतो.

अक्षरांकडेही लक्ष द्यावे. जुन्या वर्णमालेत ‘आय’ व ‘जे’ यांना, तसेच ‘यू’ व ‘व्ही’ यांना पुष्कळदा एकच अक्षर असे. आजच्या गिऱ्हाइकाला आपले नाव भरायचे असते, म्हणून राहिलेली अक्षरे त्याच वळणाची नवी काढावी लागतात. जर्मन गिऱ्हाइकासाठी दोन टिंबांची अक्षरेही हवीत.

हक्क आणि सचोटी

दोनशे वर्षांपूर्वीच्या नमुन्यावर आज कोणाचा कॉपीराइट नाही. जर्मनीत २०२१ पासून अशा जुन्या कलाकृतीच्या हुबेहूब फोटोवरही वेगळा हक्क राहिलेला नाही. पण कोणी अलीकडे मेहनतीने ग्राफ तयार केला असेल तर तो त्याचा माल आहे. तो उचलू नये. आपण स्वतः मोजावे.

दुसरी गोष्ट विक्रीची. नवे लिनन चहाच्या पाण्यात बुडवून जुने दिसते केले जाते. सजावट म्हणून त्यात गैर काही नाही, पण ते जुने म्हणून विकणे ही फसवणूक आहे. लेबलवर स्पष्ट लिहावे : ‘अमुक सालच्या जर्मन नमुन्यावरून केलेले नवे काम’. मूळ कापडावर मुलीचे नाव असेल तर तेही द्यावे. हुन्नर तिचा होता, आपण फक्त मोजणी केली. गिऱ्हाईक अशा खऱ्या मालाची किंमत देते आणि पुन्हा येते.