थोंग-सुई : जेवणानंतरचं गोड सूप

हाँगकाँग, ग्वांगझू किंवा पेनांगला गेलात, तर रात्रीच्या जेवणानंतर पोटात थोडी जागा ठेवाच. थोंग-सुई ही कँटनी गोड सुपं तिथल्या खास दुकानांत रात्री उशिरापर्यंत मिळतात, गरम किंवा गार.

सुरुवात काळ्या तिळाच्या सुपाने करावी. भाजलेले तीळ आणि भिजवलेले तांदूळ एकत्र वाटून साखरेच्या पाण्यात शिजवतात. वाटीत येतं ते शाईसारखं काळंभोर, चमच्यावर संथ रेंगाळणारं. पहिल्या घोटाला किंचित कडवट, मग थेट संक्रांतीची आठवण! लाल चवळीसारख्या दाण्यांच्या सुपात संत्र्याच्या जातीच्या फळाची वाळवलेली साल घालतात. हिरव्या मुगाचं सूप उन्हाळ्यात थंडावा देतं, असं चिनी घरांत मानतात. गोव्याचं मणगणं आवडणाऱ्याला नारळाचं दूध आणि साबुदाणा घातलेले प्रकार परके वाटणार नाहीत.

शाकाहाऱ्यांनी मात्र विचारून घ्यावं. आल्याच्या पाकातल्या तांदळाच्या गोळ्यांत, म्हणजे थांगयुआनमध्ये, तिळाच्या सारणात पारंपरिक पद्धतीत डुकराची चरबी घालतात. काही सुपांत घालतात तो ‘हास्मा’ तर बेडकापासून मिळतो. काही सुपांत अंडंही असतं.

घरी करून पाहायचं तर मुगाचं सूप सर्वांत सोपं. पुण्याच्या खडकी बाजारातल्या कुठल्याही वाण्याकडे सामान मिळेल. अर्धी वाटी हिरवे मूग, पाच वाट्या पाणी. मूग फुटेपर्यंत शिजवा आणि साखर शेवटी घाला.