रोशा गवताचे तेल

एकोणिसाव्या शतकात युरोपच्या बाजारात ‘टर्किश जिरॅनियम’ या नावाने विकले जाणारे सुगंधी तेल तुर्कस्तानात होत नसे आणि जिरॅनियमच्या झाडापासूनही निघत नसे. ते खानदेशातून जाई. पिंपळनेर, नंदुरबार, तळोदे या बाजूच्या डोंगरउतारांवर पावसाळ्यात पुरुषभर वाढणारे रोशा गवत हे त्याचे मूळ. मुंबईहून जहाजाने तांबड्या समुद्रातील बंदरांत आणि तेथून इस्तंबूलला ते पोहोचे. तेथे लिंबाच्या रसाबरोबर घुसळून, उन्हात ठेवून त्याचा रंग उतरवीत व मग गुलाबाच्या अत्तरात मिसळीत. बाल्कन प्रदेशातील काही कारागीर तर ते पाकळ्यांवरच शिंपडून भट्टी लावीत.

ही भेसळ पचून जाई, याचे कारण रसायनात आहे. गुलाबाच्या गंधाचा एक प्रमुख घटक असलेले जिरॅनिऑल रोशाच्या उत्तम तेलात शेकडा ७५ ते ९० पर्यंत असते. १८७१ साली याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते प्रथम वेगळे काढले, तेही भारतीय गवताच्या तेलातूनच. एक किलो गुलाबतेलाला तीन-चार हजार किलो फुले लागतात. तेवढ्याच रोशा तेलाला सुमारे तीनशे किलो ओले गवत पुरते.

गवत फुलोऱ्यावर आले म्हणजे कापतात. जुनी भट्टी ओढ्याकाठी असे. देगीत गवत व पाणी भरावयाचे, झाकण मातीने लिंपावयाचे आणि वाफ बांबूच्या नळीने वाहत्या पाण्यात बुडविलेल्या भांड्यात न्यावयाची. थंड झालेल्या पाण्यावर तेल तरंगे. कौशल्य मात्र भट्टीपूर्वीच पणाला लागे. कारण या गवताच्या ‘मोतिया’ व ‘सोफिया’ अशा दोन जाती दिसावयास जवळजवळ सारख्याच. मोतियाची पाने दांड्यापासून आडवी पसरतात, सोफियाची वर झुकलेली असतात. सोफियाच्या तेलात जिरॅनिऑल बरेच कमी आणि वास उग्र. दोन्हींचे भारे एकत्र पडले की साऱ्या तेलाचा भाव उतरतो.

तुर्की व्यापाऱ्यांना नावे ठेवताना आपल्याकडचाही हिशेब पाहिला पाहिजे. गुलाबात मिसळावयाच्या या तेलातच येथे रॉकेल, टर्पेंटाइन, खोबरेल मिसळले जाई! पारख सोपी आहे. शुद्ध रोशा तेल शेकडा ७० तीव्रतेच्या अल्कोहोलच्या दोन-तीन पट भागांत स्वच्छ विरघळते. रॉकेल किंवा खोबरेल असेल तर मिश्रण गढूळ होते.

साबण, अत्तरे व तंबाखूचा सुवास यांसाठी हे तेल वापरतात. सांधेदुखीवर ते चोळण्याची चाल जुनी आहे, आणि डासांना त्याचा वास मानवत नाही. अंगाला लावावयाचे ते तिळाच्या वा खोबऱ्याच्या तेलात पातळ करूनच. काहींच्या त्वचेला जिरॅनिऑल सोसत नाही.

टर्पेंटाइनपासून कारखान्यात जिरॅनिऑल बनू लागल्यावर रानातल्या भट्टीला मोठा प्रतिस्पर्धी उभा राहिला. तथापि नैसर्गिक तेलात जिरॅनिऑलखेरीज इतर घटकांची जी बारीक छटा असते, ती अत्तरकारांना हवी असते. म्हणून रोशाची आता शेतात लागवड होते, आणि लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने मोतियाची ‘तृष्णा’सारखी सुधारित वाणे दिली आहेत. एकदा लावलेले गवत हलक्या, कोरडवाहू जमिनीतही काही वर्षे पीक देते आणि गुरे त्याच्या वाटेला फारशी जात नाहीत. कापणीला मजूर, भट्टीला जळण आणि बी निखळ मोतियाचे, एवढ्या तीन गोष्टींवर त्या शेतकऱ्याचा नफा अवलंबून असतो.