७८६ च्या नोटेमागे लागण्याआधी दादीच्या डब्यातलं ९२ चं नाणं बघा

७८६ नंबरची नोट असेल तर लाखो रुपये मिळतील, ट्रॅक्टरवाली पाचची नोट द्या आणि गाडी घ्या, असे व्हिडिओ मोबाईलवर सारखे फिरत असतात. बीड, माजलगाव, अंबाजोगाईकडचे वाचक आम्हाला विचारतात की यात तथ्य आहे का? नाही. ७८६ हा नोटेवरचा फक्त छापील अनुक्रमांक आहे. एखादा हौशी माणूस त्यासाठी थोडे जास्त देईलही, पण लाखांच्या गोष्टी लुटीच्या आहेत. आधी नोटेचा फोटो मागवतात, मग नोंदणी फी, मग टॅक्स, मग कुरिअरचा खर्च. पैसे गेले की फोन बंद. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्वतः पत्रक काढून सांगितलं, की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आम्ही पडत नाही, त्यासाठी फी किंवा कमिशन घेत नाही आणि आमच्या नावाने ते घ्यायला कुणाला परवानगीही दिलेली नाही.

गंमत अशी की खरी जुनी नाणी आपल्या जिल्ह्यात घरोघरी आहेत आणि त्यांच्याकडे कुणी बघत नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होतं. इथे हाली सिक्का चालायचा, म्हणजे हैदराबादचा स्वतःचा रुपया. पलीकडे अहमदनगर इंग्रजांचं, तिथे कलदार. सीमेवरच्या आष्टी-पाटोद्याच्या माणसाला दोन्ही हिशेब ठेवावे लागत. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा साधारण भाव होता. कलदार आण्याचे चार पैसे होत, हाली आण्याचे सहा डब. म्हणून आपल्याकडच्या जुन्या डब्यात दोन्हीकडची चिल्लर एकत्र सापडते.

हाली रुपया ओळखायला सोपा आहे. एका बाजूला चारमिनार असतो. मीर महबूब अली खान यांच्या काळात, १९०३-०४ च्या सुमारास तो नाण्यावर आला. भोवती ‘निजाम-उल-मुल्क आसफ जाह बहादुर’ ही अक्षरं आणि त्यांच्यातच ९२ हा आकडा असतो. हा आकडा किंमत नाही आणि सालही नाही. अबजद हिशेबाने मीम ४०, हे ८, मीम ४०, दाल ४. बेरीज ९२, म्हणजे ‘मुहम्मद’ हे नाव. १८५७ च्या बंडापर्यंत हैदराबादची नाणी दिल्लीच्या मोगल बादशहाच्या नावाने निघत. बादशाही संपली आणि त्या जागी निजामाची पदवी व ९२ आले. ७८६ च्या नोटेसाठी फी भरणाऱ्या घरातच हे ९२ चं नाणं चिंध्यांत बांधलेलं असतं, याचं आम्हाला नवल वाटतं.

आता चारमिनारच्या मधल्या कमानीत बघा. तिथे एक अक्षर आहे. मीम असेल तर नाणं महबूब अलींचं, ऐन असेल तर उस्मान अलींचं. उस्मान अली १९११ मध्ये गादीवर आले. त्यांच्या अगदी सुरुवातीच्या, हिजरी १३३० च्या आसपासच्या नाण्यांवर हा ऐन आखूड आहे, नंतर तो पूर्ण काढलेला दिसतो. संग्राहक शोधतात तो आखूड ऐन. सालही उर्दू आकड्यांत, हिजरीत असतं. सात इंग्रजी व्ही सारखा, आठ उलटा व्ही. घरात उर्दू वाचणारे बुजुर्ग असतील तर त्यांना भिंग द्या. बाजारातल्या बऱ्याच व्यापाऱ्यांना जे वाचता येत नाही ते दादाजी पाच मिनिटांत वाचतील.

कलदार चिल्लरीतही १९११ हेच साल शोधायचं. त्या वर्षी पंचम जॉर्जची पहिली नाणी आली. राजाच्या झग्यावर हत्तीचं छोटं चित्र होतं, पण सोंड इतकी आखूड की तो डुकरासारखा दिसे. लोक भडकले, मुसलमान तर विशेषच. सुमारे ९४ लाख रुपये पाडले होते, त्यातले ७ लाखांच्या आसपासच बाहेर आले, बाकीचे वितळवले आणि १९१२ पासून हत्ती नीट काढला. त्या सालचा तांबडा पाव आणा, म्हणजे एक पैसाही तसाच आहे. मोड घेणाऱ्याकडे जुने पैसे किलोवर मिळतात. पाव आणा साधारण पावणेपाच ग्रॅमचा, म्हणजे किलोत दोनशेच्या वर नाणी. त्यातली बहुतेक नेहमीच्या सालांची निघतील. १९४३ ते ४७ चा भोकाचा पैसा तर ढिगाने मिळेल. लोकांनी तो वॉशर म्हणूनही वापरला. त्याचे लाख मिळतात म्हणणाऱ्याचा नंबर ब्लॉक करा. राम दरबार छापलेलं १८१८ चं ‘ईस्ट इंडिया कंपनी’चं नाणं किंवा मक्का-मदिनेचं चित्र असलेलं नाणं हे चलन कधीच नव्हतं, ते नुसते टोकन आहेत.

विकायचंच असेल तर आधी चांदीचा हिशेब करा. चारमिनारचा जुना हाली रुपया सुमारे ११.१८ ग्रॅमचा, त्यात जवळपास ८२ टक्के चांदी, म्हणजे नऊ ग्रॅमच्या थोडी वर. १९३९ पर्यंतच्या कलदार रुपयात पावणेअकरा ग्रॅमच्या आसपास शुद्ध चांदी आहे. १९४० पासून ती निम्म्यावर आली आणि १९४७ च्या रुपयात तर नुसतं निकेल. सराफाने त्या दिवसाच्या चांदीच्या भावापेक्षा कमी सांगितलं तर उठून या. दुर्मिळ साल असेल तर त्याहून जास्त मिळायला हवं, त्यासाठी पुण्या-मुंबईच्या नाणे प्रदर्शनांत दोन-तीन जणांना दाखवा. आणि मेहरबानी करून चिंच, राख, पितांबरी लावून घासू नका. घासलेल्या नाण्याची किंमत पडते, ती परत येत नाही.

नाणी दादी-नानीकडून आलेली असतील तर तो तरका आहे. एका भावाने परस्पर विकून टाकायची वस्तू नव्हे, त्यात बहिणींचा हिस्सा आहे. चांदीची बरीच नाणी असतील तर जकातीच्या हिशेबात ती कशी धरायची हे आपल्या आलिमांना वजन सांगून विचारा.

शेतात नांगरताना किंवा पाया खणताना मडकं लागलं तर गोष्ट वेगळी. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं जमिनीत लपवलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर हिस्साही जातो आणि गुन्हाही दाखल होतो. अर्ज तलाठ्यामार्फत द्या, नाहीतर थेट बीडच्या जिल्हाधिकारी कार्यालयात. पोच मात्र घ्या.